पाव गोळी

भाच्याच्या रक्ताच्या कर्करोगाची मेंटेनन्स, म्हणजे उपचारातला शेवटचा लांबलचक गोळ्यांचा टप्पा, चालू होता तेव्हाची गोष्ट. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या ओपीडीबाहेर आम्ही नंबरची वाट बघत बसलो होतो. वहिनी खालच्या मजल्यावर सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या काउंटचा, रिपोर्ट घ्यायला गेलेली, भाचा मास्क नाकावर ओढून मोबाइलवर जुनी मॅच बघत होता. शेजारी परभणीकडची एक बाई बसली होती. मांडीवर चारेक वर्षांची मुलगी, डोक्यावर नुकतं मऊ जावळ धरू लागलेलं. अशा बाकांवर ओळख व्हायला नाव-आडनाव लागत नाही. काउंट किती, कितवा महिना, राहायची सोय कुठे झाली, एवढ्यावर माणसं जवळची होतात. तिने आमच्या फाइलवरचं औषधांचं कार्ड वाचलं, मग आपल्या पिशवीतून स्वतःचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी-शेजारी धरली आणि विचारलं, "ताई, तुमच्या लेकराला रोज दीड गोळी, अन् माझ्या पोरीला पावच कामून? ती बी दिवसाआड?"

मी म्हटलं, वजनावर असतं. तिने एकदा भाच्याकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या मुलीकडे. तेवढ्या फरकाने दीडची पाव होत नाही, हे तिला दिसत होतं आणि मलाही. "आधी तिलाबी रोज एक होती," ती सांगू लागली. "मग काउंट पार खाली गेले. तोंड आतून सोलून निघालं, नवीन आलेले केस परत गेले, किती दिस ॲडमिट होती. मग कसलं तरी रक्त तपासाया पाठवलं, अन् तवापासून पाव." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमचं समदं योजनेच्या कार्डावर चालू हाय. म्हनून तर कमी देत नसतील ना?" तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. मुलीला कडेवर घेऊन, पिशवी सावरत ती आत गेली.

पुन्हा ती मला कधी दिसली नाही.

प्रश्न मात्र राहिला. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलाबरोबर ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना मेंटेनन्समधली भीती वेगळी सांगायला नको. सलाईन, सुया, कमरेतलं पाणी काढणं हे बरंचसं मागे पडलेलं असतं, मूल शाळेची भाषा करू लागलेलं असतं, आणि आजार परत येऊ नये म्हणून दोनेक वर्षं रोज रात्री एक फिकट पिवळी गोळी चालू असते. मर्कॅप्टोप्युरिन, सगळे तिला सिक्स-एमपीच म्हणतात. ती गोळी कमी पडली तर आजार परततो, एवढं प्रत्येक आईला पाठ असतं. अशा वेळी आपल्या मुलीची गोळी इतरांपेक्षा कमी आहे, आणि ती का कमी आहे हे कुणी नीट सांगितलेलं नाही, तर रात्री ताटलीत ती पाव गोळी घेऊन बसलेल्या आईच्या मनात काय येत असेल? मला धास्ती एकाच गोष्टीची होती. गावी गेल्यावर तिने मायेपोटी पावची अर्धी केली तर?

पाव गोळी करणं हेही सोपं नसतं. आमच्याकडे दीडमधली अर्धी करायची असे. गोळीला मधोमध खाच असते, पण त्या खाचेवर ती सरळ तुटेलच असं नाही. वहिनी हातमोजे घालून स्टीलच्या ताटलीत नवं ब्लेड धरायची, श्वास रोखून दाब द्यायची. अर्धं बऱ्याचदा नीट व्हायचं. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायला गेलं की एक तुकडा मोठा, एक लहान आणि ताटलीभर भुगा. भुगा टाकायचा कुठे हा पुन्हा प्रश्न, कारण हे पेशी मारणारं औषध. युरोपात २०१२ पासून याच औषधाच्या द्रवरूपाला परवाना आहे, ते सिरिंजने मोजून देता येतं. पाव गोळीवर असलेल्या मुलांना त्याची गरज सगळ्यात जास्त. त्या बाईच्या हातात मात्र गोळी होती आणि घरी कदाचित ब्लेड.

त्या मुलीबद्दल डॉक्टरांना विचारणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्याच्या लेकराची फाइल ती. पण पाव गोळी कधी देतात, एवढं विचारता येत होतं. आमच्या रिपोर्टवर सही करता करता निवासी डॉक्टर मुलगी म्हणाली, "काही मुलांना तेवढीच पूर्ण पडते. जनुकामुळे." तिने कागदाच्या कोपऱ्यात 'एनयूडीटी-१५' लिहून दिलं आणि पुढच्या मुलाकडे वळली. बाहेर अजून चाळीस-पन्नास मुलं होती, तिला थांबायला वेळ नव्हता. पुढचं सगळं मी रात्री-अपरात्री वाचत गेले. वाचता वाचता कळत गेलं की परभणीच्या एका मुलीच्या कार्डावरचा तो पावाचा आकडा किती देशांतून फिरून तिथे पोचला आहे.

औषधाची सुरुवात न्यूयॉर्कजवळच्या टकाहो गावातली. बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्स आणि गर्ट्रूड एलियन काम करत होते. एलियन पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा कर्करोगाने गेले होते, आणि तिने रसायनशास्त्र निवडलं ते त्या मरणामुळे, असं ती सांगत असे. पीएचडी तिने पूर्ण केली नव्हती. १९५१ मध्ये तिने हे औषध तयार केलं आणि १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगीही मिळाली. त्या आधी हा आजार झालेली मुलं निदान झाल्यापासून तीन-चार महिन्यांत जात. सिक्स-एमपीने ते आयुष्य वर्षभरापर्यंत नेलं, आणि पुढे इतर औषधांच्या जोडीने बहुतेक मुलं बरी होऊ लागली. १९८८ चं नोबेल त्या दोघांना आणि जेम्स ब्लॅक यांना मिळालं. सत्तर वर्षं झाली. आमच्या भाच्याच्या डबीत तेच औषध होतं. इतकं जुनं औषध अजून पोरं वाचवतंय हे वाचून मला एलियनबाईंबद्दल जे वाटलं त्याला कृतज्ञता म्हणणंही कमी वाटतं.

पण औषध तेच असलं तरी शरीरं वेगवेगळी. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रिचर्ड वाइनशिलबॉम यांनी दाखवून दिलं की हे औषध निकामी करणारं टीपीएमटी नावाचं विकर (एन्झाइम) सगळ्यांत सारखं नसतं. सुमारे अकरा टक्के लोकांत ते कमी असतं, आणि तीनशेंमागे एखाद्यात जवळपास नसतंच. अशा मुलाला नेहमीचा डोस दिला तर औषध पेशीत साचत जातं आणि अस्थिमज्जा रक्त तयार करणंच थांबवते. मग टीपीएमटीची चाचणी आली, डोस कमी कसा करायचा याचे नियम आले. जनुक बघून औषधाची मात्रा ठरवण्याचं हे जगातलं पहिल्या काही उदाहरणांपैकी एक, आणि पाठ्यपुस्तकांत ते अजून दाखल्यासारखं दिलं जातं.

आशियातल्या डॉक्टरांना मात्र या दाखल्याने फार काळ चकवलं. कोरिया, जपान, चीन इथे टीपीएमटीतले बदल युरोपपेक्षा कमी आढळतात, म्हणजे तिथे हे औषध जास्त सोसायला हवं. प्रत्यक्षात उलट. तिथल्या रुग्णांचे काउंट जास्त पडत, आणि चाचणी केली तर टीपीएमटी नॉर्मल. काही ठिकाणचे डॉक्टर अनुभवाने शहाणे होऊन सुरुवातीचा डोसच कमी धरत, पण कारण कुणाला माहीत नव्हतं. न्हाणीघराला दोन मोऱ्या असाव्यात, एक मोकळी आहे एवढं बघून आपण निश्चिंत व्हावं आणि दुसरी तुंबलेली असावी, तसं ते होतं. दुसरी मोरी आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण ज्यांच्या रक्तावर अभ्यास झाला त्या लोकांत ती सहसा तुंबत नाही.

तो 'नॉर्मल' शब्द मला अजून टोचतो. किती डॉक्टरांनी तो रिपोर्ट विश्वासाने वाचला असेल आणि पूर्ण डोस लिहिला असेल!

दुसरी मोरी सापडली ती २०१४ मध्ये, आणि सापडली ती कर्करोगात नव्हे, आतड्याच्या आजारात. सिक्स-एमपीचंच भावंड असलेलं ॲझाथायोप्रिन हे औषध क्रोन्स नावाच्या आतड्याच्या दीर्घ आजारात देतात. सेऊलच्या आसान मेडिकल सेंटरमधले सुक-क्युन यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ९७८ कोरियन रुग्ण घेतले, ज्यांच्या पांढऱ्या पेशी लवकर पडल्या ते आणि न पडलेले यांची जनुकं ताडून बघितली. तेराव्या गुणसूत्रावरच्या एनयूडीटी-१५ या जनुकात एका अक्षराचा बदल पुढे आला. त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनात १३९ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन बसतं. बस, एवढाच फरक. पण ज्यांच्या पेशी पडल्या त्यांतले ८९.४ टक्के रुग्ण या एका अक्षरावरून ओळखता आले. टीपीएमटीवरून ओळखता आले असते ते फक्त १२.१ टक्के. त्याच लेखात युरोपीय वंशाच्या रुग्णांचंही रक्त तपासलं होतं. तिथे बदल अगदी विरळा, पण ज्यांच्यात होता त्यांना धोका होताच. पुढे जपानमधून असंही पुढे आलं की या बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्या, म्हणजे तो आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्या, माणसांचे औषध सुरू झाल्यावर केसही झपाट्याने जातात. ते वाचताना मला बाकावरचं ते मऊ जावळ आठवलं.

मग हे आतड्याच्या डॉक्टरांकडून मुलांच्या कर्करोगाकडे आलं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या जून यांग यांच्या गटाने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या १,०२८ मुलांच्या डोसचा हिशेब मांडला. या मुलांपैकी बरीचशी स्मिता भाटिया यांनी चालवलेल्या एका वेगळ्याच अभ्यासातली होती. मुलं सिक्स-एमपी रोज खरंच घेतात का, हे बघण्यासाठी तिथे औषधाच्या बाटलीला असं झाकण लावलं होतं की ते कधी उघडलं याची आपोआप नोंद व्हावी. त्या नोंदींतून दिसलं की वेळापत्रकाच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार परतण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. म्हणजे महिन्यात दोन रात्री चुकल्या तरी फरक पडू शकतो. त्या झाकणांच्या पलीकडच्या आया माझ्या डोळ्यांसमोर येत राहिल्या: झोपाळलेल्या मुलाला उठवून गोळी देणाऱ्या, आज दिली की नाही असं मध्यरात्री दचकून आठवणाऱ्या. या मुलांच्या हिशेबात जून यांग यांना दिसलं की एनयूडीटी-१५ नेहमीचं असलेल्या मुलांनी ठरलेल्या डोसच्या सरासरी ८३.५ टक्के औषध सोसलं, बदलाची एक प्रत असलेल्यांनी ६३ टक्के, आणि दोन्ही प्रती असलेल्यांनी ८.३ टक्के. शंभरात आठ!

पाव गोळी दिवसाआड म्हणजे रोजच्या एका गोळीचा आठवा भाग, साडेबारा टक्के. मी कागदावर ते मांडून बघितलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

एकच अक्षर पुरत नव्हतं, म्हणून पुढच्या वर्षी ग्वाटेमाला, सिंगापूर आणि जपान इथल्या २७० मुलांची रक्तं एकत्र आली. ताकाया मोरियामा या जपानी संशोधकाने सेंट ज्यूडमध्ये राहून ते काम केलं आणि याच जनुकातले काम बिघडवणारे चार बदल पुढे आणले. पेशीत काय घडतं तेही दाखवलं. सिक्स-एमपी पेशीत गेल्यावर शेवटी ज्या रूपात डीएनएमध्ये घुसतं, ते रूप मोडून टाकायचं काम एनयूडीटी-१५ करतं. ते काम बंद पडलं की थोड्याशा औषधानेही डीएनए भरून जातो. ग्वाटेमालासारख्या गरीब देशातल्या मुलांत हा बदल का सापडावा? तिथल्या मुलांच्या अंगात अमेरिका खंडाच्या मूळ रहिवाशांचं रक्त आहे, आणि ते पूर्वज हजारो वर्षांपूर्वी आशियातूनच तिकडे गेले. इतक्या पिढ्या, इतका समुद्र मध्ये, आणि सेऊलमधल्या बाईच्या पेशीत जे अक्षर तेच ग्वाटेमाला सिटीच्या वॉर्डातल्या मुलाच्या. तेच अक्षर आपल्याकडेही आहे. भारतात टीपीएमटीतल्या बदलांपेक्षा एनयूडीटी-१५ मधले बदल जास्त आढळतात; दक्षिण आशियात साधारण दहा माणसांमागे एकाकडे तरी याची एखादी प्रत असते. तुमच्या-माझ्या सोसायटीत, एका एसटीत, एका वर्गात ती माणसं आहेत. हे औषध कधी घ्यावं लागलं नाही तर त्यांना आयुष्यभर पत्ताही लागणार नाही.

शोध लागला म्हणून डोस बदलत नाही. शोधनिबंध वाचून वॉर्डातल्या डॉक्टरने रात्री दोन वाजता किती लिहायचं, हे कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. ते काम करणारी एक मंडळी २००९ पासून आहे, सीपिक या नावाने ओळखली जाणारी. वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ मिळून अमुक जनुक असेल तर तमुक औषध किती, याचे तक्ते बनवतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवतात. २०१८ मध्ये त्यांनी टीपीएमटीच्या तक्त्यात एनयूडीटी-१५ घातलं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर कर्करोगासाठी सुरुवात दर चौरस मीटरला दिवसाला १० मिलिग्रॅमने करा. एरवी हा आकडा ६०-७५ च्या घरात असतो. हा तक्ता मी माझ्या फोनवर उघडला तेव्हा पैसे लागले नाहीत की पासवर्ड. वैद्यकातल्या इतक्या गोष्टी कुलूपबंद असताना कुणीतरी ही ठरवून उघडी ठेवली, याचं मला फार मोल वाटतं. परभणी असो वा ग्वाटेमाला, तक्ता तोच.

आपल्याकडेही हे धागे विणले जात आहेत. मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंडीगड, चेन्नई इथल्या मुलांच्या कर्करोगाच्या केंद्रांनी एकत्र येऊन एकाच पद्धतीने उपचार करायचा आणि निकाल एकत्र मोजायचा, असा इसिकल नावाचा प्रयत्न चालवला आहे. हजाराहून जास्त भारतीयांचे पूर्ण जनुकसंच वाचण्याचं इंडिजेनचं काम २०१९ मध्ये पुरं झालं. जीनोम इंडियाने देशभरातल्या ८३ समूहांतून दहा हजारांच्या आसपास लोकांचे जनुकसंच वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुले केले. दीडशे कोटींच्या देशात दहा हजार म्हणजे चिमूटभर. पण आजवर जगाच्या याद्यांत आपण जेवढे होतो त्याच्या मानाने ही चिमूट मोठी आहे. शिवाय आपल्या जाती-जमातींत पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं होत आल्यामुळे एखाद्या समूहात एखादा बदल भलताच साचलेला असू शकतो. तो बाहेरच्या कुणाच्या रक्तात शोधून सापडणार नाही.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. परदेशी भागीदारीतल्या आरोग्य संशोधनाला आपल्याकडे सरकारी समितीची मंजुरी लागते, आणि तिला वेळ लागतो. आजारी मुलाच्या घरात बसून तो वेळ नकोसा वाटतो. पण रक्त इथलं, शोध तिथला, आणि चाचणी पुन्हा आपल्यालाच महाग दराने, असं घडू नये म्हणून कुणीतरी दारात उभं असावं, हेही मला मनापासून वाटतं. दुसरी काळजी 'आशियाई' या शब्दाची. एशियन म्हणून कमी द्या, युरोपियन म्हणून जास्त द्या, असा सोपा निष्कर्ष काढला की घात होतो. दहांतल्या नऊ भारतीय मुलांकडे हा बदल नाही. त्यांना धास्तीने कमी डोस दिला तर आजार परतू शकतो. सख्ख्या बहीण-भावांत एकाला दीड आणि दुसऱ्याला पाव लागू शकते. अक्षर बघायचं ते त्या मुलाचं, त्याच्या पासपोर्टचं नव्हे.

आणि जिथे चाचणी पोचत नाही तिथे साधी सीबीसी अजून राखण करते. दर आठवड्याला गावच्या लॅबमध्ये बोटाएवढी बाटली रक्त, संध्याकाळी रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर, रात्री डॉक्टरांचं उत्तर: चालू ठेवा, किंवा थांबवा, किंवा अर्धी करा. काउंटचा हात धरून डोस वर-खाली करत हजारो मुलं या देशात बरी झाली आहेत. जनुकाच्या चाचणीचा फायदा हा की काउंट कोसळेपर्यंत थांबावं लागत नाही. त्या मुलीचं तोंड सोलून निघायच्या आधीच पाव लिहिता आली असती. ही चाचणी काही फार अवघड नाही. एक-दोन अक्षरं बघायची असतात, पूर्ण जनुकसंच वाचायचा नसतो, आणि साध्या पीसीआरवर ते होतं. सिक्स-एमपी सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाची ती व्हावी, सरकारी योजनेतून व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

पण चाचणी झाली, आकडा बरोबर लिहिला, तरी त्या बाईचा प्रश्न तसाच राहतो. तिच्या बाबतीत उशिरा का होईना, सगळं बरोबर झालेलं होतं. सेऊलच्या रुग्णांनी, मेम्फिसच्या आणि ग्वाटेमालाच्या मुलांनी आपलं रक्त दिलं, तक्ता झाला, तो मुंबईत पोचला, डॉक्टरांनी तो वाचून पाव गोळी लिहिली. आणि आई मात्र मनात धरून बसली होती की आपण गरीब म्हणून आपल्या पोरीला औषध कमी. एवढ्या देशांनी मिळून बांधलेली वाट तिच्या कानापासून दोन वीत अलीकडे संपली होती. त्या डॉक्टर मुलीला मी दोष देत नाही. ओपीडीत एका मुलाला मिळतात ती तीन-चार मिनिटं. पण जनुकांचं सांगायला वेगळं माणूस हवं, आणि अशी शिकलेली समुपदेशक माणसं आपल्याकडे फार थोडी, त्यांतही मराठवाड्यातल्या आईशी तिच्या बोलीत बोलू शकणारी आणखी थोडी. संशोधनाच्या मोठमोठ्या करारांत यंत्रं असतात, सर्व्हर असतात, प्रवासखर्च असतो. या माणसाचा पगारही तिथेच, पहिल्या पानावर असायला हवा.

आज ती भेटली तर मी तिला सांगेन: बाई, तुझ्या पोरीच्या अंगात हे औषध लवकर मोडत नाही. आमच्या पोराला दीड गोळीने जेवढं मिळतं, तेवढं तिला पावने मिळतं. तिचा डोस पुरा आहे. कार्डाचा याच्याशी काही संबंध नाही. पाव म्हणजे पावच द्यायची, दिवसाआडची एकही पाळी चुकवायची नाही आणि मायेने वाढवायचीही नाही. आणि तो तपासणीचा कागद जपून ठेव, कारण तो या आजारापुरता नाही. मुलगी उद्या मोठी होईल, पंचवीस-तीस वर्षांची असताना तिला सांध्याचं किंवा आतड्याचं दुखणं लागलं, किंवा कुठला अवयव बदलायची वेळ आली, तर कुठल्यातरी दुसऱ्या शहरातला दुसराच डॉक्टर तिला ॲझाथायोप्रिन लिहील. त्याला आजची पाव गोळी माहीत नसेल. तिच्या भावंडांनाही ते औषध कधी सुरू करायची वेळ आली तर आधी त्यांची तपासणी करून घ्या. कागदाच्या दोन-तीन प्रती काढ, एक मामाकडे ठेव, फोटो काढून फोनमध्ये ठेव, आभा कार्ड असेल तर त्याला जोडून घे.

आमच्या भाच्याची चाचणीही नंतर झाली. दोन्ही जनुकं नेहमीची निघाली. त्याच सुमारास एका संशोधनासाठी उरलेलं रक्त ठेवून घेण्याची परवानगी मागणारा मराठीतला फॉर्म वहिनीपुढे आला. नमुना देशातल्या किंवा देशाबाहेरच्या संशोधकांबरोबर वाटून घेतला जाऊ शकतो, असं त्यात लिहिलं होतं. वहिनीने तो सगळा वाचला, घाई केली नाही, आणि एकच विचारलं, "यातून काय निघालं ते आम्हाला कळवणार का?" समोरच्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं की एकेकट्या घराला कळवण्याची पद्धत नाही. वहिनी थोडी थांबली, म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या पोराने दिलं म्हणून आपल्याला कळलं ना," आणि सही केली. मी असते तर मीही केली असती. तरी मला वाटतं, कळवायला हवं. सेऊलमधल्या त्या ९७८ जणांना, ग्वाटेमालातल्या त्या आयांना आणि आमच्या वहिनीला, चार-पाच वर्षांनी का होईना, त्यांच्या भाषेत एक पत्र जायला हवं, की तुमच्या रक्तातून अमुक समजलं, त्यावरून अमुक मुलांचा डोस बदलला. काहीच समजलं नसेल तर तेही लिहावं.